कोरडे दिवस आणि अर्धवट राहिलेल्या फायली

परभणीत मृगाचा पाऊस लागला की मला येणाऱ्या फोनांचं स्वरूप बदलतं. एरवी "मॅडम, नकाशावर तालुक्यांच्या हद्दी कशा दाखवायच्या" असले प्रश्न असतात. जूनपासून मात्र एकच पालुपद: "मॅडम, फाईल उघडंना. काल रातच्याला तर चालू होती." वारं सुटलेलं असतं, तारेवर कुठेतरी फांदी पडलेली असते, लाईट गेलेली असते आणि रात्रभर चालायला लावून ठेवलेला प्रोग्राम अर्ध्यातच गारद झालेला असतो. शेती आणि भूगोलात पीएचडी करणाऱ्या पोरापोरींना पावसाच्या आकडेवारीचे प्रोग्राम लिहून द्यायचे, जमलं तर लिहायला शिकवायचे, हे माझं काम. त्यामुळे या रडारडीत माझी वर्णी लागतेच.

फाईल उघडत नाही म्हणून जो येतो त्याला मी आधी चहा देते आणि सांगते, बाबा, तुझं नशीब चांगलं. उघडत नाही म्हणजे निदान बिघडलंय हे कळलं तरी. मला धास्ती वाटते ती मुकाट्याने उघडणाऱ्या फायलींची.

गेल्या पावसाळ्यात जिंतूरकडची एक मुलगी आली होती. विषय, मराठवाड्यातल्या पावसातले खंड. भारतीय हवामानशास्त्र विभागाची १९०१ पासूनची रोजच्या पावसाची जाळी मिळते, पाव अंशाची. पूर्व-पश्चिम १३५ बिंदू, दक्षिणोत्तर १२९, म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे. प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणजे दिवसाला ६९,६६० बाइट. साध्या वर्षाची फाईल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची भरते, लीप वर्षाची ६९,६६० नी जास्त. या फायलींना डोकं नाही की शेपूट नाही. सुरुवातीला काही माहिती नाही, शेवटी काही खूण नाही, नुसते आकड्यांमागे आकडे. जिथे माहिती नाही तिथे -९९९. मला हा प्रकार आवडतो, कारण फाईल पूर्ण आली की नाही हे पाहायला नुसता आकार पुरतो. डाऊनलोड अर्धवट तुटलं असेल तर भागाकार करून कितव्या दिवशी तुटलं तेही सांगता येतं.

ही मुलगी त्या जाळीवरून रोजचा पाऊस अजून बारीक जाळीवर बसवत होती. क्रिगिंगने, म्हणजे आजूबाजूच्या बिंदूंवरून मधल्या जागेचा आकडा काढायच्या पद्धतीने. ते सावकाश चालणारं काम, जुन्या डेस्कटॉपवर तर फारच सावकाश. प्रोग्राम तिने कुठून तरी उचलून जोडला होता. तो दर वर्षासाठी नमपायच्या (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) मेममॅपने, म्हणजे डिस्कवरची फाईल मेमरीसारखी वापरू देणाऱ्या सोयीने, एक नवी फाईल बनवायचा आणि एकेक दिवस त्यात भरत जायचा. फाईल आधीच असेल तर ते वर्ष झालं असं समजून पुढच्या वर्षाकडे वळायचा. दिसायला शहाणपणाची गोष्ट, झालेलं काम पुन्हा कशाला करायचं? एका रात्री २०१५ सालावर काम चालू असताना लाईट गेली. सकाळी तिने प्रोग्राम पुन्हा लावला. त्याला २०१५ ची फाईल दिसली, तो २०१६ कडे गेला. कुठेही तक्रार नाही, लाल अक्षर नाही.

इथे आकार बघूनही काही कळलं नसतं. मेममॅप नवी फाईल बनवतो तेव्हा तिचा पूर्ण आकार आधीच मांडून ठेवतो, आणि आत सगळी शून्यं असतात. मग आपण जसजसं लिहू तसतशी ती शून्यं पुसली जातात. अर्ध्यात थांबलं तर पुढे शून्यंच राहतात. बाइट मोजा, तंतोतंत भरतात. आणि पावसाच्या आकड्यांत शून्य हा खोटा आकडा नसतो. शून्य म्हणजे कोरडा दिवस, आणि मराठवाड्यात कोरडा दिवस कोणाला खोटा वाटत नाही. त्यातून साल २०१५. त्याच दुष्काळात पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या सालच्या आलेखात ऑगस्टनंतर सपाट रेघ दिसली तर आपल्याकडचा माणूस शंका घेणार नाही, उसासा टाकेल.

मला शंका आली ती रेघ फारच सपाट होती म्हणून. दुष्काळातसुद्धा आठही जिल्ह्यांत, एकूण एक बिंदूवर, वर्षाखेरपर्यंत थेंब नाही असं होत नाही. कुठे ना कुठे भुरभुर येऊन जाते. तिला मूळ फाईल काढायला सांगितली, तीच तारीख बघितली, तिथे आकडे होते.

"मॅडम, म्हणजे मी खंड मोजला तो लाईटचा?"

"हो गं."

तिच्या प्रोग्रामला पहिली दुरुस्ती केली ती अगदी साधी. फाईल बनवल्याबरोबर आधी सगळीकडे -९९९ भरायचं, मग काम सुरू करायचं. आता अर्ध्यात थांबलं तर उरलेला भाग कोरडा दिसणार नाही, रिकामा दिसेल. दुसरी दुरुस्ती नावाची. त्याबद्दल पुढे.

आधी एक गोंधळ निस्तरते, कारण याच्यावर माझे विद्यार्थी आपसात भांडतात. प्रोग्रामने "लिही" म्हटल्यावर आकडा लगेच डिस्कवर जात नाही. आधी तो प्रोग्रामच्या स्वतःच्या बफरमध्ये साठतो. पायथन असो, सी असो की फोरट्रान, काही किलोबाइट जमेपर्यंत तो पुढे सरकत नाही. तिथून ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात, म्हणजे कॅशमध्ये. आणि मग सिस्टिमला वाटेल तेव्हा खऱ्या डिस्कवर. लिनक्सची नेहमीची मांडणी अशी की कॅशमधलं पान सुमारे ३० सेकंद जुनं झालं की ते लिहायला काढायचं.

म्हणून नुसता प्रोग्राम मेला आणि अख्खा संगणक बंद पडला, या दोन वेगळ्या गोष्टी. प्रोग्राम कोसळला किंवा कोणी त्याला जबरदस्तीने मारला, तर पहिल्या टप्प्यावरचं जातं. सिस्टिमच्या हातात पोचलेलं मात्र वाचतं, ती ते सावकाश लिहून टाकते. लाईट गेली तर दोन्ही टप्प्यांवरचं जातं. फ्लश म्हटलं की पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात, एफसिंक म्हटलं की दुसऱ्यातून डिस्कवर. आणि क्लोज? क्लोज फक्त फ्लशइतकं काम करतं. फाईल नीट बंद केली, प्रोग्राम "झालं" म्हणून संपला, आणि दहा सेकंदांत लाईट गेली, तर ती फाईल अर्धी असू शकते. कधी कधी नाव जागेवर आणि आकार शून्य बाइट. हे पटायला लोकांना वेळ लागतो. "पण मॅडम, मी क्लोज केलं होतं." केलं होतंस रे, पण डिस्कला कोणी सांगितलं नव्हतं.

इथे एक विषयांतर. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर एक छोटं बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल अशा दोन बाजू असलेलं. पंखा आणि ट्यूबलाईटसाठी नॉर्मल चालतं. पण त्यात लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो वेळ लागतो तेवढ्यात डेस्कटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्या किती जणांचं ते बटण नॉर्मलवर असतं, हे मी घरोघरी जाऊन बघितलंय. एफसिंक शिकायच्या आधी ते बटण सरकवा.

आता न उघडणाऱ्या फायली. यांच्यात एचडीएफ५ या शास्त्रीय डेटाच्या फाईल-प्रकारवाल्यांचा भरणा जास्त. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी पकडणारी लिगो-इंडियाची वेधशाळा होणार, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्याकडच्या भौतिकशास्त्राच्या पोरांना गुरुत्वीय लहरींचं वेड लागलंय. चांगलंच आहे. पहिल्या पकडलेल्या लहरीचा, १४ सप्टेंबर २०१५ चा, डेटा सगळ्यांसाठी खुला आहे आणि तो एचडीएफ५ मध्ये मिळतो. (आपल्याकडे त्या सप्टेंबरात लोक आभाळाकडे बघत होते ते वेगळ्या कारणासाठी.) ३२ सेकंदांची छोटी फाईल, सेकंदाला ४,०९६ नोंदी, म्हणजे १,३१,०७२ आकडे. मुलं ती उतरवतात, गाळतात, स्वतःच्या एचडीएफ५ फायली बनवतात आणि त्या बनवताना तोंडघशी पडतात.

एचडीएफ५ ही नुसत्या आकड्यांची रांग नाही. आत कप्पे असतात, कप्प्यांत तक्ते, तक्त्यांचे तुकडे, आणि कुठला तुकडा फाईलमध्ये कितव्या बाइटवर ठेवलाय याची अनुक्रमणिका. सुरुवातीला सुपरब्लॉक नावाचा भाग असतो, त्यात फाईल कुठे संपते तेसुद्धा नोंदलेलं असतं. गोची ही की काम चालू असताना ही अनुक्रमणिका बरीचशी मेमरीतच फिरत असते. ती डिस्कवर पक्की होते फ्लश केल्यावर किंवा फाईल बंद केल्यावर. मोंढ्यात सोयाबीन नेलं, काट्यावर माप झालं, थप्पी लागली, पण अडत्यानं पट्टीच केली नाही, तर माल समोर दिसत असूनही तो कुणाचा आणि किती हे सांगता येत नाही. इथेही तसंच होतं. आकडे बहुतेक सगळे फाईलमध्ये असतात, पण वाट दाखवणारं काही नसतं. मग उघडताना "ट्रंकेटेड फाईल" असं येतं आणि सोबत दोन आकडे, फाईल प्रत्यक्षात कुठे संपते आणि सुपरब्लॉकच्या मते कुठे संपायला हवी. तो निरोप नीट वाचा. किती बाइट गेले ते त्यातच असतं.

नमपायच्या एनपीझेड फायलींचीही हीच तऱ्हा, कारण ती आतून झिप फाईल असते आणि झिपची यादी फाईलच्या अगदी शेवटी लिहिली जाते. पार्के या तक्त्यांच्या फाईल-प्रकाराचंही तसंच, यादी तळाशी.

एचडीएफ५ मध्ये आणखी एक खोडी. सी मध्ये लिहिणाऱ्यांनी फाईल बंद केली, पण आतला एखादा तक्ता उघडा राहिला, तर नेहमीच्या मांडणीत फाईल खरोखर बंद होत नाही. शेवटची उघडी वस्तू बंद होईपर्यंत ती तशीच लटकते. क्लोजने तर "यशस्वी" म्हटलेलं असतं. अशा वेळी बंद करण्याआधी उघड्या वस्तू किती आहेत ते लायब्ररीलाच विचारावं, तशी सोय आहे. पायथनच्या एच५पायमध्ये हा त्रास नाही, तो फाईल बंद करताना आतलं सगळं बंद करतो. तिथला त्रास वेगळा, ज्युपिटरचा, म्हणजे ब्राउझरमध्ये कप्प्याकप्प्याने प्रोग्राम चालवायच्या वहीचा. वहीच्या वरच्या कप्प्यात फाईल उघडायची, खाली चूक झाली की कप्पा तिथेच थांबतो, बंद करण्याची ओळ चालतच नाही. फाईल तासन्‌तास उघडी. मग दुसरीकडून उघडायला गेलं की कुलूप लागल्याचा निरोप. त्यावर इंटरनेटवर एक उतारा फिरतो, एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून कुलूपच काढून टाका. काही नेटवर्क डिस्कवर त्याची खरोखर गरज पडते, मान्य. पण लॅपटॉपवर ते लावणाऱ्या पोरांना मी रागावते. कोणीतरी लिहितंय म्हणून ते कुलूप आहे. त्यापेक्षा पायथनचं विथ वापरा. विथच्या आत उघडलेली फाईल चूक झाली तरी बंद होते, आणि लिहायला एकच शब्द जास्त लागतो.

चालू असलेलं काम दुसऱ्या खिडकीतून बघायचंच असेल तर एचडीएफ५ च्या १.१० आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, एकाने लिहायचं आणि बाकीच्यांनी वाचायचं अशी रीतसर सोय आहे. नेटवर्क डिस्कवर ती चालत नाही. आणि तिच्यासोबत येणारं एच५क्लिअर हे हत्यार "कोणीतरी लिहितंय" ही फाईलवर राहून गेलेली खूण पुसतं, आतलं मोडलेलं दुरुस्त करत नाही. खूण पुसल्यावर फाईल उघडली म्हणून ती बरी आहे असं धरून चालू नये.

त्या मानाने जुनी नेटसीडीएफ, हवामानाच्या डेटाचा आणखी एक फाईल-प्रकार, मला मायाळू वाटते. नवी नेटसीडीएफ-४ आतून एचडीएफ५ च असते, तिचं सोडा. जुन्या प्रकारात पहिले ४ बाइट ओळखीचे, त्यातले तीन म्हणजे सी, डी, एफ ही अक्षरं, आणि पुढच्या ४ बाइटांत एकूण नोंदी किती तो आकडा. दिवसामागून दिवस जोडत गेलात आणि मध्येच प्रोग्राम मेला, तर तो आकडा मागेच राहू शकतो. फाईल उघडते, दिवस मात्र कमी दिसतात. ही पुन्हा मुकाट्याने खोटं बोलणारी फाईल. पण इथे फाईलचा आकार आणि डोक्यातला आकडा यांचा मेळ घालता येतो, आणि मेळ बसला नाही की चोरी पकडली जाते. आकडे खरोखर आत असतील तर तो ४ बाइटचा आकडा दुरुस्त करून दिवस परतही मिळतात. मी हे करून दिलंय. मूळ फाईलची प्रत काढून ठेवल्याशिवाय मात्र हात लावायचा नाही.

लिगोच्या त्या खुल्या फायलींतून घेण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती कोणी घेत नाही. नाव. फाईलच्या नावातच सुरुवातीची वेळ असते, जीपीएसच्या सेकंदांत, ११२६२५९४४६ अशी, आणि पुढे लांबी, ३२. आत काय असायला हवं ते बाहेरच लिहिलेलं. शिवाय एकच अवाढव्य फाईल नाही. लांब पल्ल्याचा डेटासुद्धा ४,०९६ सेकंदांच्या तुकड्यांत मिळतो. एक तुकडा बिघडला तर तासाभराचं गेलं, वर्षाचं नाही. आमच्याकडे मात्र एकशे वीस वर्षांचा पाऊस एकाच फाईलमध्ये कोंबायची हौस, आणि नाव काय, तर "फायनल नवीन २".

आता जिंतूरच्या मुलीची दुसरी दुरुस्ती. फाईल खऱ्या नावाने बनवायचीच नाही. २०१५ ची फाईल आधी "अर्धवट" असा शब्द जोडलेल्या नावाने बनते. सगळे दिवस भरले, फ्लश झालं, एफसिंक झालं, फाईल बंद झाली, मग पायथनच्या ओएस.रिप्लेसने तिला खरं नाव मिळतं. नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धं नाव बदललं असा प्रकार नाही. म्हणजे खऱ्या नावाची फाईल दिसली की ती पूर्णच असणार, आणि "फाईल आधीच असेल तर सोडून दे" ही तिची जुनी ओळ आपोआप खरी झाली. पथ्य दोनच. तात्पुरती फाईल त्याच डिस्कवर, शक्यतो त्याच फोल्डरमध्ये असावी, नाहीतर ओएस.रिप्लेस चूक दाखवून थांबतं, नाव बदलतच नाही. आणि लिनक्सवर फार काटेकोर राहायचं असेल तर नाव बदलल्यावर त्या फोल्डरलाही एफसिंक करावं, कारण नावं फोल्डरमध्ये नोंदलेली असतात.

सी आणि फोरट्रानवाल्यांना एक जास्तीचं सांगते: क्लोजने काय उत्तर दिलं ते बघा. डिस्क भरली असेल तर लिहिताना कधी कधी काहीच कळत नाही, कारण आकडे बफरमध्ये आनंदाने मावतात. खरी बोंब बफर रिकामा करताना होते, आणि तो शेवटचा रिकामा होतो क्लोजमध्ये. सी मधल्या एफक्लोजचं उत्तर न वाचणं म्हणजे ती बोंब ऐकायला थांबायचंच नाही. फोरट्रानमध्ये क्लोजला चूक झाली का ते सांगणारं आयओस्टॅट लावता येतं. ते लावलेला विद्यार्थ्याचा प्रोग्राम माझ्याकडे क्वचितच येतो.

मोठ्या संगणकावर काम पाठवणाऱ्यांचं दुखणं लाईटचं नसतं, मुदतीचं असतं. स्लर्मवर, म्हणजे तिथे कामांची रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर, वेळ संपली की आधी सिगटर्म येतो, म्हणजे "आवरा आता", आणि नेहमीच्या मांडणीत ३० सेकंदांनी सिगकिल, ज्याला कोणी अडवू शकत नाही. पहिला इशारा पकडता येतो. पण पकडून तिथल्या तिथे एचडीएफ५ बंद करायला जाऊ नका, लायब्ररी त्या क्षणी अर्ध्या लिखाणात असू शकते. इशारा आला एवढी खूण करून ठेवायची, चालू दिवस पूर्ण करायचा, मग फेरा थांबवून नीट बंद करायचं. एका फेऱ्याला ३० सेकंदांहून जास्त लागत असतील तर फेरे लहान करा, नाहीतर मुदतीच्या बरंच आधी इशारा मागून घ्या, स्लर्ममध्ये तशी सोय आहे.

विंडोजवर ओएस.रिप्लेस कधी कधी परवानगी नाही म्हणून अडतं. बहुतेक वेळा जुनी फाईल दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीत उघडी असते, नाहीतर अँटिव्हायरस तिला चाळत बसलेला असतो. खिडकी बंद करा, थोडं थांबा, पुन्हा करा. जुनी फाईल आधी पुसून मग नवीचं नाव बदलू, असा उपाय काही जण काढतात. तो नको. त्या दोन पायऱ्यांच्या मधोमध लाईट गेली की खऱ्या नावाची कुठलीच फाईल उरत नाही.

जिंतूरच्या मुलीचं २०१५ साल पुन्हा चाललं. आता तिचा प्रोग्राम दर वर्षाच्या शेवटी एक ओळ छापतो, -९९९ राहिलेले दिवस किती. २०१५ समोर शून्य आलं. तिने ते मला फोटो काढून पाठवलं, खाली लिहिलं होतं, "मॅडम, हे शून्य खरं हाय." त्यानंतर लगेच दुसरा मेसेज: गाईड विचारायलेत, हे सगळं एक्सेलमध्ये मिळेल का. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. तिच्या बारीक जाळीला तेवढ्यात वर्षसुद्धा पुरं होत नाही.